एकाच पुस्तकाच्या पाच प्रती

इलिनॉय विद्यापीठातल्या डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकात एक साधं काम हाती घेतलं. वाचनाच्या तासाला वर्गात जाऊन बसायचं आणि शिक्षक कोणती गोष्ट किती मिनिटं करतात, ते टिपायचं. तिसरी ते सहावीच्या वर्गांत ही पाहणी झाली. चौथीच्या वर्गांत वाचनाच्या अध्यापनाची एकूण ४,४६९ मिनिटं नोंदली गेली. वाचलेलं समजून घ्यायचं कसं, हे शिकवण्यात त्यांतली फक्त २० मिनिटं गेली होती. उरलेल्या वेळात शिक्षक प्रश्न विचारत होते, मुलं उत्तरं देत होती, चूक-बरोबर ठरत होतं, स्वाध्यायाचे कागद वाटले जात होते. समजलं की नाही याची तपासणी रोज चालू होती. समजून घेण्याचं काम मात्र ज्याचं त्यानं, जमेल तसं उरकायचं होतं.

१९७८-७९ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि वाचन शिकवणारे, त्यावर संशोधन करणारे खडबडून जागे झाले. आज अनेक देशांतल्या शाळांत चार-पाच मुलं एकच पुस्तक वाचतात, ठरलेल्या दिवशी गोल करून बसतात आणि त्यावर आपसात बोलतात. 'लिटरेचर सर्कल' म्हणून ओळखली जाणारी ही रीत त्यानंतरच्या पंधराएक वर्षांत आकाराला आली. तिचं कूळ मात्र बरंच जुनं आहे, आणि ते शाळेच्या बाहेर सापडतं.

मुलांचे गट करणं अमेरिकन शाळेला नवं नव्हतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं श्रेणीबद्ध वाचनमाला रूढ झाल्या. डिक आणि जेन या भावंडांच्या छोट्या छोट्या वाक्यांवर तिथल्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. या वाचनमाला शिकवायच्या तर वर्गाचे तीन गट पाडायचे: जलद वाचणारे, मध्यम आणि मागे पडलेले. मुलांना वाईट वाटू नये म्हणून गटांना पक्ष्यांची नावं द्यायची. नाव कितीही गोड असलं तरी आपला पक्षी कोणत्या पायरीवर बसलाय, हे मुलांना आठवड्याभरात कळायचं. गट शिक्षिकेभोवती अर्धगोल करून बसायचा आणि एकेकानं एकेक उतारा मोठ्यानं वाचायचा. आपला उतारा कोणता येणार, हे मुलं आधीच मोजून ठेवायची आणि तो येईपर्यंत बाकीच्या गोष्टीशी त्यांचा संबंध नसायचा. आपल्याकडे प्रकट वाचनाच्या तासाला बसलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. वाचून झालं की शिक्षिका प्रश्न विचारायची. त्यांची अपेक्षित उत्तरं तिच्या हातातल्या शिक्षक-आवृत्तीत छापलेलीच असायची.

म्हणजे गट होता, पुस्तक होतं, प्रश्नही होते. मुलाच्या उत्तराची खरीखुरी उत्सुकता तेवढी कुणाला नव्हती. या कुळकथेत पुढे जे जे घडलं, ते या एका उणिवेभोवती घडलं असं मला वाटतं.

मोठ्या माणसांनी ही उणीव स्वतःपुरती फार आधी भरून काढली होती. बेंजामिन फ्रँकलिन तरुण मुद्रक असताना त्यानं १७२७ मध्ये फिलाडेल्फियात बारा जणांचं मंडळ जमवलं, 'जंटो' नावाचं. कारागीर, कारकून, व्यापारी अशी ही माणसं दर शुक्रवारी संध्याकाळी भेटत. फ्रँकलिननं आत्मचरित्रात या मंडळाच्या एका नियमाची नोंद केली आहे. आपलंच खरं असं ठासून सांगणं किंवा दुसऱ्याला तोंडावर खोडून काढणं तिथं मना होतं आणि जो ते करील त्याला किरकोळ दंड बसे. चर्चा चालायची तर बोलण्याची रीतही शिकावी लागते, हे त्या मंडळींना अनुभवानं उमगलं होतं. याच मित्रमंडळीतून १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं वाचनालय उभं राहिलं. पुस्तकं एकेकट्याला परवडत नव्हती, म्हणून ती सामाईक झाली.

त्याच शहरात १८३१ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपली साहित्यसंस्था काढली. देशात गुलामगिरी कायद्यानं चालू असतानाचा हा काळ. सदस्य बायका लेख लिहून, नाव न घालता पेटीत टाकत. मग ते बैठकीत वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. लिहिणारी कोण हे ठाऊक नसल्यामुळे बोलणारीला मोकळं बोलता येई आणि लिहिणारीला मोकळं ऐकता येई. कॉलेजांची दारं ज्यांना बंद होती त्यांनी अशी आपली शाळा आपणच चालवली. पुढे १८७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा इथून जॉन व्हिन्सेंट या धर्मोपदेशकानं चार वर्षांचा वाचनक्रम सुरू केला आणि लहान लहान गावांत त्याची स्थानिक मंडळं निघाली. यांतही बायकांचा भरणा मोठा होता.

विद्यापीठात ही रीत यायला १९२० साल उजाडलं. कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन यांनी एक वर्ग सुरू केला: आठवड्याला एक अभिजात ग्रंथ, व्याख्यान नाही, मोजक्या विद्यार्थ्यांनी टेबलाभोवती बसून बोलायचं. त्या वर्गातला मॉर्टिमर ॲडलर हा विद्यार्थी पुढे शिकागो विद्यापीठात गेला. तिथले अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्यासोबत त्यानं हीच रीत सामान्य प्रौढांपर्यंत नेली. १९४७ मध्ये ग्रेट बुक्स फाउंडेशन स्थापन झालं आणि १९६२ मध्ये त्याचा मुलांसाठीचा कार्यक्रम निघाला, 'ज्युनियर ग्रेट बुक्स'. मोठ्यांच्या बैठकीतली खुर्ची मुलाला रीतसर मिळाली ती इथं.

या कार्यक्रमाचे नियम मोजके आहेत. गोष्ट सगळ्यांनी वाचलेली हवी, शक्यतो दोनदा. बोलायचं ते त्याच गोष्टीबद्दल. मत मांडलं तर त्याला गोष्टीतला आधार दाखवायचा. आणि चर्चा चालवणाऱ्या मोठ्या माणसानं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. त्यातही मुख्य प्रश्न असा हवा, ज्याच्या उत्तराबद्दल त्याच्या स्वतःच्या मनात खरी शंका आहे.

ही शेवटची अट फार मोलाची आहे, म्हणून जरा थांबून पाहू. आपली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. पावसात घर वाहून गेलेला काऊ दाराशी येतो आणि चिऊ बाळाचं एकेक काम काढत दार उघडायला उशीर लावते. यावर 'काऊचं घर कशाचं होतं?' असा प्रश्न विचारता येतो. त्याचं उत्तर गोष्टीत लिहिलेलंच आहे, कुणीही सांगेल. 'शेजाऱ्याशी कसं वागावं?' असंही विचारता येतं, पण त्याचं उत्तर द्यायला गोष्ट वाचायचीही गरज नाही. तिसरा प्रश्न असा: चिऊला काऊला घरात घ्यायचं होतं का? यावर क्षणभर वर्ग गप्प होतो. कुणी म्हणेल, नव्हतं घ्यायचं, म्हणून तर ती कारणं सांगत होती. कुणी म्हणेल, बाळाला अर्धवट सोडून दार कसं उघडणार, माझी आईपण उघडत नाही. कुणी म्हणेल, ती घरात एकटी होती, एकटं असताना दार उघडायचंच नसतं. मग पहिला म्हणेल, पण शेवटी तिनं उघडलंच ना? आता प्रत्येकाला गोष्टीकडे परत जाऊन पाहावं लागतं की चिऊ नक्की काय काय करत होती, त्यातलं खरंच गरजेचं किती होतं. विचारणाऱ्या बाईंनाही उत्तर ठाऊक नाही, आणि मुलांना हे बरोबर कळतं. शिक्षकाच्या चेहऱ्यावरून अपेक्षित उत्तर ओळखायचं ज्यांना शाळेत येऊन दोन वर्षांत जमलेलं असतं, ती मुलं इथं पहिल्यांदा एकमेकांकडे पाहून बोलू लागतात.

वाचणाऱ्याला गोष्टीत काही म्हणायचा अधिकार आहे, हे सिद्धांत म्हणून मांडलं लुईझ रोझेनब्लॅट यांनी. १९०४ साली जन्मलेल्या या बाईंनी पॅरिसला साहित्यात डॉक्टरेट केली होती आणि न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआस यांच्याकडे मानववंशशास्त्राचे धडे घेतले होते. युरोपात फॅसिझम फोफावत असताना, १९३८ मध्ये, त्यांचं 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन' प्रसिद्ध झालं. पुस्तकाचा अर्थ कागदावर तयार पडलेला नसतो. वाचणारा आपलं आयुष्य घेऊन त्या शब्दांपाशी येतो आणि दोघांच्या देवाणघेवाणीतून अर्थ घडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्गात सुरुवात मुलाच्या प्रतिसादापासून व्हायला हवी. पण तिथंच थांबून चालणार नाही. दुसऱ्याचा प्रतिसाद ऐकून, पुन्हा मजकुराकडे जाऊन, आपला प्रतिसाद तपासायला हवा. दुसऱ्याचं ऐकून आपलं मत तपासणं ही त्यांच्या लेखी लोकशाहीची तालीम होती.

गंमत म्हणजे त्याच वर्षी ब्रुक्स आणि वॉरन यांचं 'अंडरस्टँडिंग पोएट्री' आलं. त्यात भर होता कवितेच्या काटेकोर, अलिप्त वाचनावर, आणि पुढची काही दशकं अमेरिकन कॉलेजांवर राज्य केलं ते त्या विचारानं. रोझेनब्लॅट शिकवत राहिल्या. विद्यार्थ्यांना त्या कवीचं नाव झाकून एखादी कविता देत आणि वाचताना मनात येईल ते क्रमानं लिहून काढायला सांगत. रॉबर्ट फ्रॉस्टची एक चार ओळींची कविता त्यांनी अशी दिली होती. वाचकांना सुरुवातीला वाटलं, कुणी नाटकाबद्दल बोलतंय. पुढे सूर्याचा उल्लेख आल्यावर ते अडखळले, मागे गेले आणि रंगमंच म्हणजे काय याचा नव्यानं विचार करू लागले. अर्थ असा पावलापावलानं घडतो, हे या नोंदींतून त्यांनी १९७८च्या आपल्या दुसऱ्या महत्त्वाच्या पुस्तकात दाखवलं. त्याच वर्षी रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीच्या लेखांचं 'माइंड इन सोसायटी' हे संकलन इंग्रजीत आलं. मूल आज जे इतरांच्या सोबतीनं करतं ते उद्या एकटं करू शकतं, हे त्याचं म्हणणं अमेरिकन शिक्षकांच्या हाती पडलं. डर्किन यांचे आकडेही त्याच सुमाराचे. पेरणीला वेळ अनुकूल होती.

आणि मग एक पुस्तकांचा खोका.

ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात करेन स्मिथ या प्राथमिक शिक्षिका होत्या. ज्यांच्याबद्दल पुढे येईलच, त्या हार्वे डॅनियल्स यांनी त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. १९८२च्या सुमारास शाळा सोडून जाणाऱ्या एका सहकारी शिक्षिकेनं त्यांना एक खोका दिला. त्यात मुलांच्या कादंबऱ्या होत्या, कागदी बांधणीच्या, एकेका पुस्तकाच्या काही काही प्रती. स्मिथबाईंनी तो वर्गात मागे ठेवून दिला. पुढे एकदा काही मुलांनी येऊन विचारलं, ही पुस्तकं आम्ही वाचू का? बाईंनी परवानगी दिली. मुलांनी पुस्तकं निवडली आणि ज्यांनी एकच पुस्तक निवडलं ते आपोआप एकत्र आले. वाचून झालं की ती बोलत बसू लागली. बाई जवळ जाऊन ऐकू लागल्या, तेव्हा त्या चकित झाल्या. नेमून दिलेल्या धड्यावर ही मुलं कधी इतकं बोलली नव्हती, इतक्या खोलात शिरलीही नव्हती.

इथं एका गोष्टीकडे लक्ष वेधावंसं वाटतं. खोक्यात वेगवेगळी पन्नास पुस्तकं असती तर हे घडलं नसतं. मुलं वाचत बसली असती, कदाचित रमलीही असती, पण प्रत्येक जण आपापल्या गोष्टीत एकटा राहिला असता. आणि एकाच पुस्तकाच्या तीस प्रती असत्या तर तो पुन्हा धडाच झाला असता. चार-पाच प्रतींमुळे मुलांना निवडायलाही मिळालं आणि बोलायला माणसंही मिळाली. स्वस्त कागदी बांधणीची बालपुस्तकं तोवर अमेरिकेत भरपूर निघत होती, म्हणून हे जुळून आलं.

स्मिथ यांच्या वर्गाची वार्ता ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या राल्फ पीटरसन आणि मेरीॲन ईड्स यांच्यापर्यंत पोचली. ईड्स आणि डेबोरा वेल्स यांनी पाचवी-सहावीच्या मुलांच्या गटचर्चांचा अभ्यास करून १९८९ मध्ये निबंध लिहिला. त्यात त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एक, शिक्षकानं गोड आवाजात घेतलेली उलटतपासणी. दुसरा, खरा संवाद, ज्यात मुलं एकमेकांच्या बोलण्यावर भर घालतात, अंदाज बांधतात, मोडतात. पीटरसन आणि ईड्स यांचं 'ग्रँड कॉन्व्हर्सेशन्स' हे छोटेखानी पुस्तक १९९० मध्ये आलं. त्याआधी, १९८०च्याच दशकात, इंडियानात कॅथी शॉर्ट एका शिक्षिकेच्या वर्गात बसून अशाच गटांवर काम करत होत्या.

इलिनॉयमध्ये ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये निराळ्या बाजूनं याच प्रश्नाला हात घातला. त्यांच्यासमोर होती सातवीतली अशी मुलं, जी अक्षरं धडधडा वाचत पण अर्थ पदरात पडत नसे. त्यांनी छोट्या गटात मुलांनाच आळीपाळीनं शिक्षक केलं. ज्याची पाळी त्यानं उताऱ्यावर प्रश्न विचारायचा, सार सांगायचं, अडलेली जागा उकलायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. सुरुवातीला हे सगळं शिक्षक करून दाखवायचा, मग हळूहळू मागे सरायचा. मुलांच्या आकलनात ठळक फरक पडला आणि ही पद्धत पुढे पुष्कळांनी उचलली. साहित्याच्या वाचनापेक्षा माहितीपर मजकुराला ती अधिक मानवते.

'लिटरेचर सर्कल' शाळाशाळांतल्या शिक्षकांपर्यंत नेलं ते शिकागोच्या हार्वे डॅनियल्स यांनी. १९९४चं त्यांचं 'लिटरेचर सर्कल्स' हे पुस्तक तिथल्या शिक्षकांच्या वर्गानुभवांवर उभं आहे. नवख्या मुलांना बोलायला काहीतरी हाताशी असावं म्हणून त्यांनी भूमिकांचे कागद सुचवले: एकानं चर्चा चालवायची, एकानं मोठ्यानं वाचाव्यात अशा जागा निवडायच्या, एकानं गोष्टीचा आपल्या आयुष्याशी दुवा शोधायचा, एकानं चित्र काढायचं, एकानं अडलेले शब्द गोळा करायचे. दर बैठकीला भूमिका बदलायच्या.

शिक्षकांना हे कागद इतके आवडले की पुस्तकातलं बाकीचं सगळं मागे पडलं. अनेक वर्गांत चर्चा म्हणजे कागदवाचन झालं. शब्दवाला आपले पाच शब्द वाचून खाली बसे, चित्रवाला चित्र दाखवून बसे, दुवावाला 'माझ्याकडेपण कुत्रा आहे' एवढं सांगून बसे, आणि सगळे गप्प. तीच जुनी पाळी, उताऱ्याऐवजी कागदाची. २००२च्या दुसऱ्या आवृत्तीत डॅनियल्स यांनी हे स्वच्छ लिहिलं: हे कागद तात्पुरता आधार म्हणून दिले होते, ते कायमचे झाले आणि त्यांनी संवाद यांत्रिक केला. त्याऐवजी मुलांनी वाचता वाचता मनात आलेलं टिपून ठेवावं आणि त्या टिपणांवरून बोलावं, असं त्यांनी सुचवलं. आपल्या सर्वांत लोकप्रिय साधनाबद्दल लेखकानं इतक्या सरळपणे लिहावं, हे मला या साऱ्या इतिहासातलं अनुकरणीय वाटतं.

इंग्लंडमध्ये एडन चेंबर्स यांनी तीच वाट धरली होती. खाणकामगारांच्या डरहॅम परगण्यात १९३४ मध्ये जन्मलेले चेंबर्स स्वतः नऊ वर्षांचे होईपर्यंत नीट वाचू शकत नव्हते. पुढे ते शिक्षक झाले, कादंबरीकार झाले, २००२ मध्ये त्यांना बालसाहित्याचं हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळालं. शिक्षकांच्या एका छोट्या गटासोबत काम करून त्यांनी १९९३ मध्ये 'टेल मी' हे पुस्तक लिहिलं. त्यांचे मूळ प्रश्न चारच: काय आवडलं? काय आवडलं नाही? काय कोड्यात टाकणारं वाटलं? कोणते धागे पुन्हा पुन्हा येताना दिसले? 'का?' हा शब्द ते शक्यतो टाळत. 'का आवडलं?' म्हटलं की मुलाला आपली उलटतपासणी चालली आहे असं वाटतं आणि ते मिटून जातं. 'मला सांग' म्हटलं की सांगतं. आपल्याला पुस्तकाबद्दल काय वाटतं हे बोलल्याशिवाय आपल्यालाच कळत नाही, असं एका आठ वर्षांच्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांच्या पुस्तकाचा गाभा तोच आहे.

गटचर्चेनं सगळं साधतं असं मात्र नाही. २००९ मध्ये कॅरन मर्फी आणि सहकाऱ्यांनी अशा ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बऱ्याच पद्धतींत मुलांचं बोलणं वाढलं, शिक्षकाचं कमी झालं. पण बोलणं वाढलं म्हणून आकलन वाढलंच असं दिसलं नाही. सर्वाधिक लाभ दिसला तो वाचनात मागे असलेल्या मुलांना. म्हणजे एके काळी ज्यांना शेवटच्या पक्ष्याचं नाव देऊन बाजूला बसवलं जाई, त्यांनाच या गोलाची गरज जास्त आहे. आणि नुसता गोल करून भागत नाही. प्रश्न कसला आहे आणि बोलणं पुन्हा पुस्तकाकडे वळतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

ही रीत आपल्याकडे पोचली आहे. पणजीत २००५ मध्ये सुरू झालेली बुकवर्म ही संस्था शाळांत आणि वस्त्यांत वाचनालयं चालवताना पुस्तकगप्पांना नियमित जागा देते. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाच्या ग्रंथालय-शिक्षक प्रशिक्षणातही पुस्तकचर्चा हा कामाचा भाग आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी मैदानावर ओळीनं बसून वाचणाऱ्या मुलांचे फोटो आपण पाहतो. प्रत्येकाच्या हातात वेगळं पुस्तक असतं. वाचून झालं की पुस्तकं कपाटात जातात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. याच मुलांना पाच-पाचच्या गटात बसवून, गटाला एकच पुस्तक देऊन अर्धा तास बोलू दिलं, तर त्या दिवसाला वेगळा अर्थ येईल. त्यासाठी आदेश लागत नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तर हे अधिक सोयीचं आहे, कारण एक गट आपल्या आपण बोलत असताना शिक्षकाला दुसऱ्याकडे पाहता येतं.

अडचण आहे ती प्रतींची. आपल्या शाळांच्या कपाटांत बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत असते. शासकीय खरेदी असो की गावातल्या दात्याची देणगी, भर असतो तो यादी लांबवण्यावर. म्हणून वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ किंवा गावच्या शाळेचं ऋण म्हणून पुस्तकं देणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: पन्नास वेगवेगळी पुस्तकं देऊ नका. चांगली दहाच निवडा आणि प्रत्येकाच्या पाच प्रती द्या. देताना शिक्षकांना एवढंच सांगा, की यावर परीक्षा घेऊ नका, मुलांना बोलू द्या.